डिस्क, प्लेअर आणि कव्हरवरचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात आमची व्हिडिओ कॅसेटची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. कॅसेट गेल्या, व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी आल्या, आणि एक दिवस गिऱ्हाईकच यायचं थांबलं. आता त्याच गाळ्यात मी लोकांच्या जुन्या डिस्क पेनड्राइव्हवर उतरवून देतो. "डिस्क खराब झालीय" म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बऱ्याच डिस्क धडधाकट निघतात. डिस्क एका प्रकारची असते आणि घरातलं यंत्र दुसऱ्या प्रकारचं, एवढीच भानगड असते. कोणता प्रकार ते बहुतेक वेळा कव्हरवर छापलेलंही असतं, पण त्या शब्दांचा अर्थ दुकानदारानं तेव्हा सांगितला नाही आणि आपणही विचारला नाही.

एक विनंती. व्हॉट्सॲपवर डिस्कचा फोटो पाठवताना चकचकीत बाजूचाही पाठवा. नवरानवरीचा फोटो छापलेल्या बाजूवरून मला फक्त लग्नाची तारीख कळते.

१. सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे सगळ्या दिसतात सारख्याच. मग फरक कसला?

आकार सारखाच आहे: १२० मिलिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी. फरक आहे तो अक्षराच्या बारकाईत. डिस्कवर सूक्ष्म खळग्यांची एक लांबच लांब वळणदार रेघ असते आणि लेझरचा किरण ती वाचत जातो. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. पेनाचं टोक जितकं बारीक तितका मजकूर एका पानावर जास्त मावतो, तसंच हे. म्हणून सीडीवर ६५० ते ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी आणि ब्लू-रेच्या एका थरावर २५ जीबी.

व्हीसीडी ही वेगळी चकती नव्हे. ती सीडीच, फक्त तिच्यावर चित्रपट ठरावीक पद्धतीनं भरलेला असतो. चकती कुठली आणि तिच्यावर भरलंय कसं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढचं निम्मं आपोआप सुटेल.

२. कव्हर हरवलंय. हातात आहे ती सीडी की डीव्हीडी, कसं ओळखू?

डिस्क डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि कडा बघा. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते. त्यामुळे कडेच्या बरोबर मध्यावर एक बारीक रेघ दिसते. सीडीला ती नसते. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर नातवाला बघायला सांगा.

कॉम्प्युटरमध्ये टाकलीत तर फोल्डरच्या नावावरून लगेच कळतं. "एमपेगएव्ही" फोल्डर असेल तर व्हीसीडी, "व्हिडिओ टीएस" असेल तर डीव्हीडी, "बीडीएमव्ही" असेल तर ब्लू-रे. यातलं एकही नसेल आणि नुसत्याच फाइली दिसत असतील तर प्रश्न ८ पाहा.

३. व्हीसीडीवर एक पिक्चर दोन-तीन डिस्कांत का असायचा? आणि चित्र इतकं धुरकट का?

व्हीसीडीचे नियम १९९३ साली ठरले. सीडीवर गाणी ज्या वेगानं वाचली जातात त्याच वेगानं व्हिडिओही वाचायचा, ही त्यातली मुख्य अट. म्हणजे गाण्यांची सीडी ७४ मिनिटांची, तर व्हिडिओही ७४ मिनिटांचा, फार ताणलं तर ८०. अडीच तासांचा हिंदी पिक्चर दोन डिस्कांत जेमतेम बसायचा. तीन तासांचा असला की तिसरी डिस्क आलीच. रविवारी दुपारी सगळे आडवे पडलेले असताना "दुसरी टाक रे" म्हटल्यावर कोणी उठायचं यावरून आमच्या घरात भांडणं झालेली आहेत. नाटकाचं मात्र छान जमायचं. दोन अंकी नाटक, पहिली डिस्क संपली की मध्यंतर.

त्या वेगात सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिट चित्राच्या वाट्याला येतात, म्हणून चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं ठेवलं. डीव्हीडीचं चित्र आपल्याकडे ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपट. वर एमपेग-१ ही व्हिडिओ दाबून लहान करायची जुनी पद्धत. धावपळीचं किंवा पावसाचं दृश्य आलं की चौकोन चौकोन उठतात. २१ इंची डब्ब्या टीव्हीवर हे खपून जायचं. तीच डिस्क ५५ इंचावर लावली की वाटतं बिघडलीय. बिघडलेली नाही, ती तेव्हापासून तशीच आहे.

४. डीव्हीडी पिक्चरच्या मध्येच क्षणभर अडकते, नेहमी त्याच जागी. घासली गेलीय का?

दर वेळी अगदी त्याच ठिकाणी, सेकंदभर किंवा त्याहून कमी थांबून पुढे नीट चालत असेल तर तो थरबदल आहे. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, तिला डीव्हीडी-५ म्हणतात. दोन थरांची ८.५ जीबीची, ती डीव्हीडी-९. पहिला थर संपला की लेझरला नजर दुसऱ्या थरावर स्थिरावायला वेळ लागतो. काही प्लेअर पुढचं थोडं आधीच वाचून ठेवतात, त्यांच्यावर हा झटका जाणवतही नाही.

अडकण्याची जागा बदलत असेल, चौकोन येत असतील, आवाज फाटत असेल तर प्रश्न ११ पाहा.

कॉम्प्युटरवर ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्कवर ४.३७ च दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या.

५. पाल आणि एनटीएससी म्हणजे काय? चुकीची डिस्क घेतली तर काय होतं?

या टीव्हीच्या जुन्या पद्धती. आपल्याकडे पाल: ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-जपानकडे एनटीएससी: ४८० ओळी, सेकंदाला साधारण ३०. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर दोन्ही चालवतात. अडचण यायची ती जुन्या टीव्हीवर. एनटीएससी डिस्क लावली की चित्र काळं-पांढरं व्हायचं किंवा वरून खाली सरकत राहायचं. रिमोटवर "एन/पी" किंवा "पाल" लिहिलेलं बटण असतं, ते एकेकदा दाबून बघा. आजच्या एलईडी टीव्हीला याचं काही वाटत नाही. परदेशातल्या आपल्या लोकांना विकता याव्यात म्हणून हिंदी चित्रपटांच्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससीतच निघाल्या, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेतलेली डिस्क पालच असेल असं धरून चालू नका.

६. भावानं अमेरिकेहून डीव्हीडी आणली. प्लेअर म्हणतो "राँग रीजन". आता?

चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे केले, म्हणजे एका देशात आलेली डिस्क दुसरीकडे चित्रपट लागण्याआधी पोहोचू नये. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, चीन ६, आणि भारत ५. डिस्कच्या मागे पृथ्वीगोलाच्या चित्रात हा आकडा असतो. "ऑल" किंवा "०" असेल तर ती कुठंही चालते. आपल्याकडच्या हिंदी-मराठी डिस्क बहुधा याच जातीच्या असतात.

मुंबईच्या बाजारातले साधे प्लेअर अनेकदा सगळे रीजन वाचतात. अडून बसतात ते नावाजलेल्या कंपन्यांचे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. "बघू तरी" म्हणत बदलत बसू नका.

पाल-एनटीएससी आणि रीजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतली डिस्क दोन्हीकडून अडू शकते, म्हणून एक अडचण सुटली तरी दुसरी शिल्लक राहते. ब्लू-रेला आकड्यांऐवजी ए, बी, सी अशी अक्षरं आहेत आणि भारत सी मध्ये येतो. ४के ब्लू-रेला रीजनची भानगडच नाही.

७. "कॅमेरा प्रिंट", "मास्टर प्रिंट", "ओरिजनल" यात काय फरक?

हे फुटपाथचे शब्द, कुठल्याही कंपनीनं केलेले नाहीत. कॅमेरा प्रिंट म्हणजे थिएटरात चोरून शूट केलेलं. मधून माणसं उठून जाताना दिसतात आणि विनोदाला प्रेक्षकांचं हसू मिळतं. मास्टर प्रिंट म्हणजे चांगल्या प्रतीवरून केलेली चोरीची नक्कल. ओरिजनल म्हणजे हक्क विकत घेतलेल्या कंपनीची.

ओरिजनल ओळखायची कशी? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे कव्हरवर आणि व्हिडिओतही निर्मात्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता लागतो, आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रतही. व्हिडिओच्या प्रमाणपत्रावर "व्ही/यू" असं लिहिलेलं असतं. त्यातला व्ही व्हिडिओचा.

२००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. त्या काळात आमच्या काउंटरवर भाड्यानं डिस्क मागणारा माणूस एक हिशोब करायचा: भाडं आणि उशिराचा दंड धरला की विकतच स्वस्त. चोरीच्या मालापेक्षा त्या किमतीनं आमचं जास्त नुकसान केलं, पण गिऱ्हाईकाचं भलं झालं हे मान्य करायला हवं.

८. "६ इन १" डिस्क माझ्या प्लेअरवर चालत नाही, शेजाऱ्यांच्या चालते. असं का?

कारण ती डीव्हीडीची चकती आहे, पण तिच्यावर डीव्हीडी-व्हिडिओ नाही. डीव्हीडी-व्हिडिओ म्हणजे एमपेग-२ मध्ये, ठरावीक फोल्डरांत, मेनूसकट बांधलेला चित्रपट. तसे सहा पिक्चर ४.७ जीबीत कोंबायचे म्हटलं तर चित्राची दशा व्हीसीडीसारखी होईल. म्हणून बनवणारे ते एमपेग-४ जातीच्या फाइली करून नुसते कॉपी करत. बाजारात याला "एमपी४ डिस्क" म्हणायचे. ज्या प्लेअरवर "डिव्हएक्स" किंवा "एमपेग-४" लिहिलंय तोच ती वाचतो. शेजाऱ्यांचा तसा आहे, तुमचा नाही.

याच गोंधळाचा आजचा अवतार: मोबाइलवर शूट केलेली एमपी४ फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून डीव्हीडी प्लेअरच्या यूएसबीला लावली आणि नुसता आवाज आला, किंवा काहीच आलं नाही. एमपी४ हे डब्याचं नाव आहे. डब्यात काय भरलंय ते वेगळं. मोबाइल एच.२६४ किंवा एचईव्हीसी या नव्या पद्धतींनी भरतो, ते जुन्या डीव्हीडी प्लेअरला वाचता येत नाही. तोच पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावा, बहुधा चालेल.

९. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या का? काही डिस्कवर तर चारही बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टकार्डाएवढा पिक्चर!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रागात येतो.

आधी साधी पट्टी. तुमचा टीव्ही १६:९, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९. सिनेमास्कोप चित्रपट साधारण २.३५:१, म्हणजे त्याहून लांबट. लांबट चित्र पूर्ण दाखवायचं तर वर-खाली रिकामी जागा उरणारच. काही कापलेलं नाही, उलट सगळं दाखवलंय. कापलेलं असतं ते "फुल स्क्रीन" नावाच्या डिस्कवर. जुन्या ४:३ टीव्हीचा चौकोन भरावा म्हणून दोन्ही बाजू छाटायच्या. दोघं बोलत असले की एकाचं फक्त नाक दिसायचं.

आता पोस्टकार्ड. डीव्हीडीवर रुंद चित्र ठेवायच्या दोन रीती. पहिली ॲनामॉर्फिक: रुंद चित्र बाजूंनी दाबून पूर्ण ५७६ ओळींत भरायचं आणि टीव्हीनं ते पुन्हा ताणायचं. कव्हरवर "१६:९" किंवा "एनहान्स्ड फॉर वाइडस्क्रीन" असेल तर ही. दुसरी साधी लेटरबॉक्स: ४:३ च्या चौकटीत वर-खाली काळं रंगवून मध्ये चित्र ठेवायचं. म्हणजे काळी पट्टी डिस्कवरच छापलेली. आजचा टीव्ही ती ४:३ चौकट मध्ये ठेवतो, तर डाव्या-उजव्या बाजूला त्याची स्वतःची पट्टी येते. झालं पोस्टकार्ड. यावर उपाय म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरचं "झूम". चित्र पडदा भरेल, पण ओळी कमी असल्यामुळे जरा मऊ दिसेल.

आणि माणसं काठीसारखी लांब किंवा भोपळ्यासारखी दिसत असतील तर डिस्कचा दोष शून्य. डीव्हीडी प्लेअरच्या सेटिंगमध्ये "टीव्ही टाइप" किंवा "टीव्ही शेप" असतं. तिथं ४:३ पॅन स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९ असे पर्याय दिसतील. जुना टीव्ही काढून नवा लावला तेव्हा हे कोणीच बदलत नाही. १६:९ करा. परळच्या एका आजींनी या कारणासाठी दोन प्लेअर बदलले होते. तिसरा घ्यायच्या आधी त्या माझ्याकडे आल्या.

१०. नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर लावायला जागाच नाही. प्लेअर फेकून द्यायचा का?

थांबा. आधी टीव्हीच्या मागे-बाजूला "एव्ही इन" लिहिलेलं एकच छोटं, हेडफोनसारखं भोक आहे का बघा. असेल तर टीव्हीबरोबर आलेली तीन तोंडांची छोटी वायर त्यात जाते. दुसऱ्या कंपनीची वायर दिसायला तशीच असते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग चित्राच्या जागी आवाज आणि आवाजाच्या जागी गुरगुर. तीन रंग आलटून पालटून लावून बघा, कशाला शॉक लागत नाही.

तेही नसेल तर लॅमिंग्टन रोडवर छोटा डबी कन्व्हर्टर मिळतो. मागताना "एव्ही टू एचडीएमआय" असंच सांगा. "एचडीएमआय टू एव्ही" ही उलट दिशेची डबी अगदी तशीच दिसते, आणि निम्मे लोक तीच घेऊन येतात. शिवाय तिला यूएसबीतून वीज द्यावी लागते. ती वायर डबीबरोबर येते आणि खोक्यातच राहून जाते.

प्लेअरलाच एचडीएमआय असेल तर तीच लावा. तिथं "अपस्केलिंग १०८०पी" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की ७२० गुणिले ५७६ चं चित्र ताणून १९२० गुणिले १०८० केलं जातं. पाचपट ठिपके, पण नवा तपशील एकही नाही. कडा स्वच्छ दिसतात, एवढा फायदा खरा.

११. प्लेअर "नो डिस्क" म्हणतो. डिस्क साफ कशी करायची? टूथपेस्ट लावू का?

आधी दुसरी डिस्क टाका. तीही चालली नाही तर प्लेअरच्या लेन्सवर धूळ आहे किंवा लेझर थकलाय. फक्त सीडी चालतात आणि डीव्हीडी नाही, किंवा उलट, तरी दोष प्लेअरचाच. बऱ्याच यंत्रांत दोघींसाठी वेगवेगळे लेझर असतात आणि त्यातला एक आधी जातो.

डिस्कच दोषी असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नाही. मजकूर गोल रेघेत असतो. गोल ओरखडा पडला तर एकाच जागचा सलग मजकूर जातो, आडव्या ओरखड्याला यंत्र सावरून घेतं. टूथपेस्टनं उथळ ओरखडे कधी कधी निघतात, कारण ती प्लास्टिक घासते. सीडी-डीव्हीडीवर शेवटचा उपाय म्हणून, आणि तीही पांढरी, जेल नको. ब्लू-रेवर कधीच नाही. तिचा मजकूर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो.

छापील बाजू टिकाऊ आणि चकचकीत बाजू नाजूक, असं सगळे समजतात. सीडीत नेमकं उलट आहे. तिचा चंदेरी थर छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. तिकडून ओरखडा गेला की मजकूर खरवडूनच निघतो, मग कितीही पुसा. ट्यूबलाइटसमोर धरून आरपार उजेड दिसला तर आशा सोडा. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

१२. पावसाळ्यात डिस्कवर पांढरी जाळी धरली. गेली का?

बहुतेक वेळा नाही. मुंबईच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात बुरशी चपलेवर येते तशी डिस्कवरही येते. साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांनी हलकेच, मग स्वच्छ पाणी, मग पंख्याखाली उभी करून वाळवा. कागदी लेबल चिकटवलेली असेल तर पाण्यात बुडवू नका. चकचकीत बाजू ओल्या कापडानं पुसा.

गेलेली डिस्क वेगळी दिसते. कडेकडून तपकिरी छटा चढते किंवा टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. आतला चंदेरी थर गंजलाय, याला औषध नाही.

सगळ्यात वाईट साठवण म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटांचा जाड अल्बम, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात. भिंत ओल धरते, पाकीट डिस्कला चिकटतं आणि सोडवताना छपाई घेऊन निघतं. कडक डबी, उभी ठेवलेली, आत सिलिका जेलची पुडी. बुटांच्या खोक्यात येते तीच.

१३. लग्नाची डीव्हीडी स्टुडिओत चालली, घरी चालत नाही. फोटोग्राफर म्हणतो "माझ्याकडे तर चालते".

तो खोटं बोलत नसेल. लग्नाची डिस्क कारखान्यात छापलेली नसते, ड्राइव्हमध्ये लिहिलेली असते. छापील डिस्कमध्ये खळगे असतात, लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्यावर लेझरनं पाडलेले डाग. म्हणून खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसते. त्या डागांवरून उजेड कमी परततो, आणि थकलेल्या प्लेअरला ते वाचवत नाहीत. "-आर" आणि "+आर" या दोन प्रतिस्पर्धी गटांच्या जाती आहेत. जुने प्लेअर एखादीशी फटकून वागतात.

दुसरं कारण "फायनलाइज" न करणं. लिहून झाल्यावर डिस्कला "संपलं" अशी खूण करावी लागते. ती नसेल तर ज्या यंत्रानं लिहिली तेच वाचतं. ते यंत्र शाबूत असेल तर आजही फायनलाइज करता येईल.

रंगद्रव्य उन्हानं आणि उष्णतेनं फिकं पडतं. माझ्याकडे येणाऱ्या २००५ ते २०१० मधल्या लग्नांच्या डिस्कांत सुरुवातीचा भाग चालतो आणि शेवट जातो, असं फार दिसतं. लिहिणं मधून सुरू होऊन कडेला संपतं, आणि बोटं, ओल, ऊन सगळं कडेलाच लागतं. परिणामी साखरपुडा सापडतो, पाठवणी जाते. एका ड्राइव्हनं नकार दिला तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा. मी चार वेगवेगळे ठेवलेत, आणि सगळ्यात जुना सगळ्यात जास्त डिस्क वाचतो.

१४. घरच्या घरी पेनड्राइव्हवर कशी उतरवू?

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा मिळतो. विंडोज १० किंवा ११ डीव्हीडी आपणहून चालवत नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे.

घरगुती डीव्हीडीच्या "व्हिडिओ टीएस" फोल्डरमध्ये "व्हीओबी" फाइली असतात, एकेक साधारण १ जीबीपर्यंतची. फोल्डर पूर्ण कॉपी करा, एकेक फाइल उचलू नका. पुढे हँडब्रेकसारख्या फुकट प्रोग्रॅमनं सलग एमपी४ करता येते. करताना ठिपके वाढवायच्या मोहात पडू नका (प्रश्न १०). पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

विकतच्या चित्रपटांवर कुलूप असतं. ते तोडून प्रती काढणं आम्ही करत नाही. विचारू नका, चहा पाजूनही नाही.

१५. ६५० एमबीच्या व्हीसीडीतली फाइल त्याहून मोठी दिसते. कॉम्प्युटर चुकतोय?

नाही. सीडीचा प्रत्येक कप्पा मुळात २३५२ बाइटचा. फाइली ठेवताना त्यातले २०४८ फाइलीला आणि उरलेले मुख्यतः चुका दुरुस्त करायला. व्हीसीडीनं ती दुरुस्तीची जागाही चित्राला दिली, म्हणून कप्प्यात २३२४ बाइट. ७४ मिनिटांत ३,३३,००० कप्पे. गुणाकार करा, ७७ कोटी बाइट होतात.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ओरखडा आला की व्हीसीडीला सावरायला काही उरत नाही. "डीएटी" ही व्हीसीडीतली व्हिडिओ फाइल कॉपी करताना ९० टक्क्यांवर "सायक्लिक रिडन्डन्सी" अशी चूक येते ती यामुळेच. प्लेअर मात्र तोच तुकडा दोन चौकोन दाखवून ओलांडून जातो. म्हणून "टीव्हीवर चालते पण कॉपी होत नाही" ही तक्रार खरी असते.

१६. थिएटरात अडीच तासांचा पिक्चर डिस्कवर २ तास २४ मिनिटांचा. सीन कापलेत का?

डिस्क पाल असेल तर कदाचित एकही कापलेला नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी धावतो, पाल २५ नी. सोपा मार्ग म्हणजे पिक्चर थोडा जलद पळवायचा. १५० मिनिटांचे बरोबर १४४ होतात. आवाजही किंचित चढतो. गाण्याचा कान असलेल्यांना गाणं अर्ध्या सुराहून थोडं कमी वर वाटतं. एनटीएससी डिस्कवर ही भानगड नसते. तिथंही वेळ कमी भरला तर मग कात्री खरी.

१७. गाणी कानठळ्या बसवतात, संवाद ऐकू येत नाहीत.

डिस्कवर ५.१ आवाज आहे: पाच स्पीकर आणि एक धमधम्या. संवाद मधल्या स्पीकरचे. तुमच्याकडे तो नाही आणि प्लेअर मात्र आहे असं समजून चाललाय. सेटिंगमध्ये "स्पीकर" किंवा "डाउनमिक्स" शोधून "स्टिरिओ" करा. "नाइट मोड" किंवा "डीआरसी" असेल तर तेही चालू करा, चाळीतल्या भिंतींना मानवेल. आवाज मुळीच येत नसेल तर डीटीएस हा आवाजाचा दुसरा प्रकार निवडला गेला असेल. रिमोटवरच्या "ऑडिओ" बटणानं दुसरा आवाज निवडा. कराओके व्हीसीडीत गाणारा आवाज आणि नुसतं संगीत वेगवेगळ्या बाजूंना असतं, तेव्हा "एल/आर" बटण.

१८. जुनं नाटक लॅपटॉपवर लावलं की हात हलला की कंगव्यासारख्या रेघा येतात.

टेपवर शूट झालेल्या चित्रात एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी अशी अर्धी अर्धी चित्रं असतात. त्याला इंटरलेस म्हणतात. जुना टीव्ही तसाच रंगवायचा, लॅपटॉप दोन्ही अर्धी एकत्र दाखवतो. व्हीएलसीत इंग्रजी डी अक्षराची कळ दाबा. एवढंच.

१९. चोरबाजारात एलपीएवढी चकचकीत डिस्क मिळाली. गाण्यांची आहे का?

लेझरडिस्क असणार. ३० सेंटिमीटर, १९७८ साली बाजारात आली, दोन्ही बाजूंनी चालणारी, एका बाजूला जास्तीत जास्त तासभर. चित्र त्यावर ॲनालॉग असतं, म्हणून तिची फाइल निघत नाही. चालणारा प्लेअर मिळाला तर मलाही कळवा. भिंतीवर मात्र फार सुंदर दिसते.

२०. आता ब्लू-रे प्लेअर घेण्यात अर्थ आहे का?

ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतो, डीव्हीडी प्लेअर ब्लू-रे वाचत नाही. डिस्कांचा संग्रह असेल आणि जुना प्लेअर मेला असेल तर अर्थ आहे. घरात डिस्क घालायची जागा असलेला पीएस५ (सोनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र) असेल तर तो ४के ब्लू-रेसुद्धा वाचतो. पीएस४ साध्या ब्लू-रेवर थांबतो. गाण्यांची सीडी मात्र दोघांनाही चालत नाही, याचा मला अजून राग आहे.

२१. सोसायटीच्या गणपतीत माझ्या स्वतःच्या ओरिजनल डीव्हीडीवरून पिक्चर दाखवला तर चालेल ना?

डिस्क तुमची, दाखवायचा हक्क नव्हे. "केवळ घरगुती वापरासाठी" म्हणजे घरात, घरच्यांसमोर. मांडवात लावायचा तर हक्कदाराची परवानगी लागते. तिकीट न लावल्यानं ती अट जात नाही.

२२. नको असलेल्या डिस्क भंगारवाला घेत नाही. काय करू?

पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आहे, ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्या. बाकी मुंबईनं आपला उपयोग शोधलेलाच आहे: दोऱ्याला बांधून गॅलरीत, कबुतरांसाठी. कबुतरं आठवडाभर घाबरतात, मग त्याच दोऱ्याशेजारी बसतात. टांगण्याआधी एकदा यंत्रात घालून बघा. मागच्या दिवाळीत एकजण गॅलरीतून काढलेली डिस्क घेऊन आला. लेबल धुऊन गेलेलं, खालचा जांभळा रंग पार उडालेला. मुलाचं बारसं होतं म्हणाला. चौथ्या ड्राइव्हवर अकरा मिनिटं निघाली.